रुमालाखालची गाडी

"आयुष्यभर सगळ्याला नाही म्हणत आलात, आज त्याचा जरा उपयोग करा," असं म्हणून वत्सलाने नवऱ्याच्या हातात टोपी दिली.

निवृत्ती एका सरकारी कचेरीत कारकून होता आणि घाबरणं हा त्याचा जोडधंदा होता. गंगेला पूर आला की सगळी पंचवटी बघायला धावे, आणि हा गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकी. शहर बसमध्ये तो मधल्याच बाकावर बसे, कारण समोरून धडक बसली तर पुढचे जातात आणि मागून बसली तर मागचे. गल्लीत कोणी काही विकत घ्यायला निघालं की निवृत्तीला बरोबर नेई, कारण त्याला प्रत्येक वस्तूत आधी तिचा अपघात दिसे. त्याने खोट काढली नाही असा पाळणा, पंखा किंवा जावई गल्लीत अजून यायचा होता.

पण आजचं प्रकरण घरचं होतं. वत्सलाचा धाकटा भाऊ यादव दिंडोरीकडे द्राक्षं पिकवी. चार वर्षांपूर्वी बाग चांगली आली तेव्हा त्याने मोटारसायकल घेतली होती. तिच्यासह तो एकदा कालव्यात गेला, एकदा शेजाऱ्याच्या द्राक्षांच्या मांडवात घुसला, आणि गेली दिवाळी त्याने पाय प्लास्टरमध्ये घालून इस्पितळाच्या खाटेवर काढली. प्रत्येक वेळी तो हसून म्हणे, "आक्का, मला काय व्हतंय!" यंदा बाग पुन्हा चांगली आली होती. आणि देवळाली कॅम्पात एक निवृत्त मेजर आपली लाल, विलायती, शर्यतीत पळते तशी गाडी विकायला बसले आहेत, ही बातमी यादवपर्यंत पोचली होती.

"एकच भाऊ आहे मला," वत्सला म्हणाली. "माझं तो ऐकत नाही. तुम्ही त्याला असं काही घाबरवा की ती गाडी घ्यायचं नावच काढू नये त्यानं. आणि घेतली ना, तर मी... मी काय करीन माझं मलाच ठाऊक नाही."

काय करीन हे तिने सांगितलं असतं तर निवृत्तीला निदान तेवढीच भीती वाटली असती. न सांगितल्यामुळे त्याला सगळ्याचीच वाटू लागली.

बाहेर यादव मोटारसायकल गुरगुरवत उभा होता. मागे गेणू बसला होता. गेणू हा वणीच्या बाजारातला बैलांचा दलाल. यादवच्या घरी त्याच्या सल्ल्याशिवाय शेळीसुद्धा येत नसे.

"दाजी, बसा मधी," यादव म्हणाला.

"मी बसनं येतो."

"दाजी, कशाला भेता? गेणूभाऊ मागनं धरतील की."

"आणि गेणूभाऊंना कोण धरणार?" असं विचारून निवृत्ती बसच्या थांब्याकडे निघाला.

तो देवळालीला पोचला तेव्हा मेजरसाहेबांच्या बंगल्यापुढे तपासणी सुरू झाली होती. गाडी खरोखरच लाल होती. तिला दोनच बैठका होत्या, डोक्यावर छप्पर नव्हतं, आणि ती जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होती. उभी असूनही ती आत्ताच कुणाला तरी उडवून आल्यासारखी दिसत होती. निवृत्तीने लांबूनच तिला बघितलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

गेणू गाडीभोवती उलट्या बाजूने फिरत होता. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पुढच्या जाळीत बोटं घालून पाहिली, चाकं खुरांसारखी ठोकली आणि शेवटी मागे जाऊन, थोडं अंतर राखून, उभा राहिला.

"लाथ मारत नाही ती," मेजरसाहेब म्हणाले. पांढऱ्या मिशा, ताठ मान आणि कमरेला रुंद पट्टा, असा तो माणूस होता.

"समदे तसंच सांगत्यात, सायेब," गेणू म्हणाला. "वय किती?"

"माझ्याकडे वीस वर्षं आहे. त्याआधी एका इंग्रजाकडे होती."

"म्हंजी जुनं जनावर. दावणीला बांधून पोसायचं."

यादवचं लक्षच नव्हतं. तो गाडीकडे असा बघत होता की निवृत्तीला वत्सलाचा चेहरा आठवला. त्याने धीर करून सुरुवात केली.

"साहेब, हिला छप्पर नाही?"

"कापडी आहे. मागे घडी घातलेलं. फाटलंय जरा."

"मग गाडी उलटली तर?"

"उलटली तर फार बरं. बंद गाडीत माणूस अडकतो. यातून सरळ बाहेर फेकला जातो."

निवृत्ती यादवकडे वळला. "ऐकलंस ना यादव? फेकला जातो."

"म्हंजी अडकायची भीती नाय," यादव खूश होऊन म्हणाला.

"यादव, हिला दोनच सीटा आहेत. तुझी बायको, दोन पोरं, म्हातारी, कुठं बसणार?"

"तेच तर! पाव्हणे बसायलाच मागणार नाय. आत्ता मोटारसायकल काढली का गावातले दोघं तरी मागं चढत्यात."

"सामान मिळणार नाही हिचं. एखादा स्क्रू पडला तर तो विलायतेहून आणावा लागेल. साहेब, खोटं बोलतोय का मी?"

"अजिबात नाही," मेजरसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "मागच्या वेळी एक रबरी नळी यायला सात महिने लागले."

"म्हंजी पुऱ्या जिल्ह्यात असली दुसरी नाय!" यादवचे डोळे चमकले.

"आणि तुमच्या गावचा रस्ता? ही वीतभर उंच. बैलगाडीच्या चाकोरीत पोट टेकवून बसेल ती. थांबते तरी का वेळेवर?"

"आधी चालते का ते विचारा," मेजरसाहेब म्हणाले.

"चालते याची मला खात्री आहे, साहेब. मला भीती त्याचीच आहे."

"विकताय कशाला, तेवढं सांगा," गेणूने मध्येच विचारलं.

"डॉक्टरनं वाकायला मनाई केलीय. हिच्यात बसायचं म्हणजे वाकावंच लागतं." मेजरसाहेबांनी गाडीकडे पाहून एक उसासा सोडला. "पण हे साहेब म्हणतात त्यात तथ्य आहे. गाडी जुनी आहे, टप फाटलाय, सामान मिळत नाही. मी किंमत जरा जास्तच सांगितली होती. कमी करतो."

गेणूने निवृत्तीला बाजूला ओढलं. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं.

"पाव्हणे, लय भारी! आमच्या बाजारात नावं ठेवायला आम्ही पैसे देऊन माणूस नेतो. पण त्याचं सोंग लगेच कळतं. तुमच्या तर कपाळाला घाम हाय! असंच चालू द्या, अजून भाव पडंल."

निवृत्तीने हिशेब केला. आपण बोलतो तसतशी गाडी स्वस्त होते, आणि स्वस्त झाली की यादव ती घेणार. गप्प राहावं तरी तो घेणारच. त्याने मुकाट्याने एक दगड शोधला आणि त्यावर बसला.

एवढ्यात गेणूने खांद्यावरचा मोठा रुमाल काढला आणि तो मेजरसाहेबांच्या हातावर पसरला.

"हे काय?" मेजरसाहेब दचकले.

"सायेब, जनावराचा भाव चारचौघांत तोंडानं बोलत नाय. रुमालाखाली हात घालायचा. मी बोटं धरीन तितके हजार. पटलं नाय तर तुम्ही माझी बोटं धरायची. आणि सौदा पटला म्हंजी पुरा पंजा दाबायचा. पंजा दाबला का सौदा पक्का. मग आभाळ पडलं तरी शब्द फिरत नाय."

मेजरसाहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे सांकेतिक भाषा! फौजेत आम्ही झेंडे हलवायचो, ते सगळ्या शत्रूला दिसायचे. हे जास्त चांगलं आहे."

"पण भाव जनावर चालताना करायचा," गेणूने नियम सांगितला. "उभं जनावर समदंच देखणं दिसतं."

अशा रीतीने चौघेजण दोन बैठकांच्या गाडीत बसले. मेजरसाहेब कण्हत वाकून चालवायला बसले. यादव आणि गेणू मागे, घडी घातलेल्या टपावर, बैलगाडीच्या दांडीवर बसावं तसे बसले. निवृत्तीला उरली ती मेजरसाहेबांच्या शेजारची जागा. "मी इथंच थांबतो" हे त्याचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. आत बसताच त्याने मधल्या दांड्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?"

"हा गिअर. त्याच्या मागचा तो हातब्रेक. ओढला की गाडी थांबते."

एवढं एकच ज्ञान निवृत्तीला आयुष्यात हवं होतं. त्याने ती जागा नीट बघून ठेवली.

गाडी भगूरच्या रस्त्याला लागली. वाऱ्याने निवृत्तीची टोपी उडाली ती कुठे गेली हे बघायची त्याची छाती झाली नाही. रस्ता इतका जवळून पळत होता की आपण गाडीत नसून फळीवर बसून घसरत चाललोय असं त्याला वाटलं. मागे यादव आनंदाने ओरडत होता. गेणू दोन बैठकांच्या मधून पुढे वाकला होता. गिअरवर ठेवलेल्या मेजरसाहेबांच्या डाव्या हातावर त्याने रुमाल टाकला होता आणि त्याखाली त्याची बोटं चालली होती.

"साहेब, हात स्टेअरिंगवर ठेवा!" निवृत्ती किंचाळला.

"एक आहे ना," मेजरसाहेब म्हणाले. "नाही गेणू, हे फारच कमी होतंय."

"दाजी, बोला की कायतरी, भाव पडू द्या!" यादव मागून ओरडला.

"मरू आपण!" निवृत्ती म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

"वा!" गेणू म्हणाला आणि त्याने रुमालाखाली आणखी एक बोट कमी केलं.

चढ संपला आणि उतार लागला. उताराच्या तळाशी, कडब्याने भरलेली एक बैलगाडी शेतातून सावकाश रस्त्यावर येत होती. तिला कसली घाई नव्हती. मेजरसाहेबांनी ब्रेकवर पाय दाबला. गेणूची टोपी उडायला लागली तसा त्याने हात रुमालाखालून काढला आणि दोन्ही हातांनी ती धरली. निवृत्तीने डोळे मिटले. डोळे मिटताना त्याला वत्सला दिसली, विधवा वत्सला, आणि शेजारी भाऊ नसलेली वत्सला. मग त्याला हातब्रेक आठवला. त्याने अंदाजाने दोन्ही हात त्या जागी घातले. रुमाल लागला, रुमालाखाली काहीतरी लागलं, आणि ते त्याने अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोराने आवळलं.

गाडी थांबली. कडबा हातभर अंतरावर होता. बैलाने एकदा वळून पाहिलं आणि तो पुढे चालू लागला.

मग मेजरसाहेब म्हणाले, "मंजूर! सौदा पक्का!"

"कसला सौदा?" गेणूने विचारलं. "मी तर अजून बोटांवरच हाय."

"पंजा दाबलास की. चांगला दाबलास. बोटं मोडायची राहिली."

"माझे दोन्ही हात टोपीवर हायत, सायेब."

सगळ्यांनी रुमालाकडे पाहिलं. त्याच्या एका बाजूने मेजरसाहेबांचा हात आत गेला होता. दुसऱ्या बाजूने निवृत्तीचे दोन्ही हात गेले होते आणि ते अजून सुटत नव्हते.

"मला तो ब्रेक वाटला," निवृत्ती पुटपुटला.

"ब्रेक इतका मऊ असतो का?" मेजरसाहेब म्हणाले. "ते काही नाही. हात दिलात, मी मान्य केला. फौजी माणसाची जबान आहे. गाडी तुमची."

निवृत्तीने आशेने गेणूकडे पाहिलं. गेणूने कानाला हात लावले. "पाव्हणे, हात देऊन माघारी घेतला तर वणीच्या बाजारात पुन्हा कुणी बैल दावत नाय."

"मला बैल नकोच आहे!"

"गाडी हवी व्हती ना?" आता यादव खाली उतरला होता आणि त्याचा चेहरा गाडीसारखाच लाल झाला होता. "आत्ता समजलं मला! छप्पर नाय, सामान नाय, रस्ता नाय! मला भ्या दावायचं, भाव पाडायचा, आणि सवताच पंजा दाबायचा! दाजी, तुम्ही असले निघाल असं सपनात आलं नव्हतं!"

"अरे मी घाबरलो होतो रे!"

"तीस वर्षं दलाली केली," गेणू हळूच म्हणाला, "पण घाबरायचं असलं काम कुणाचं बघितलं नाय." आणि त्याने निवृत्तीला चक्क नमस्कार केला.

यादवचं डोकं जितक्या लवकर तापे तितक्याच लवकर निवे. तो रस्त्याच्या कडेला जाऊन जरा वेळ उभा राहिला. मेहुण्यावर तो रागावला होता, पण परक्या माणसापुढे त्याच मेहुण्याचा शब्द खाली पडावा हेही त्याला सोसेना. परत आला तेव्हा त्याचा हात शर्टाच्या आतल्या खिशात होता.

"सायेब, पैशे मी देतो. दिवाळीला मी इस्पितळात पडलो व्हतो, आक्काची ओवाळणी राह्यली ती राह्यलीच. ही गाडी आक्काला ओवाळणी."

"यादव, साडी दे तिला!" निवृत्ती काकुळतीला आला. "चांगली साडी दे. पैठणी दे!"

"साड्या समदेच भाऊ देत्यात," यादव म्हणाला आणि विषय संपला.

परतीच्या वाटेवर मेजरसाहेब गाडी चालवत होते आणि निवृत्ती मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होता: यादवनं गाडी घेतली नाही. यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पण वत्सला या वाक्यावर थांबणार नाही, हेही त्याला माहीत होतं. गाडी जरा हळू पोचावी असं त्याला वाटलं, आणि आयुष्यात प्रथमच ते मरणाच्या भीतीने नव्हतं.

यादव आणि गेणू मोटारसायकलवरून आधी पोचले. वत्सलाने भावाचे हातपाय बघितले आणि विचारलं, "घेतली?"

"नाय घेतली, आक्का."

तिने डोळे मिटून हात जोडले. ते उघडले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी लाल गाडी वळत होती, आणि तिच्यात बोडक्या डोक्याने तिचा नवरा बसला होता.

गल्ली गोळा झाली. यादवने सगळी हकिगत सांगितली, गेणूने तिला पुस्त्या जोडल्या, आणि "ओवाळणी परत करता येत नाय, वत्सलाबाई" असा निकालही दिला. वत्सलाने गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. आतून एक डबा पडल्याचा आवाज आला. निवृत्तीने भिंतीचा आधार घेतला.

ती बाहेर आली तेव्हा तिने पदर डोक्यावरून घेऊन घट्ट खोचला होता आणि हातात भाजीची पिशवी होती.

"माझी ओवाळणी ना ही?" तिने विचारलं. "मग मेजरसाहेब, मला जरा बाजारातून भाजी आणायची आहे. येता?"

"अवश्य, ताई," मेजरसाहेब म्हणाले. गाडी भुर्रकन गेली आणि गल्लीत धूर राहिला.

यादव पायरीवर बसला. पहिला थोडा वेळ तो हसत होता. मग त्याने विचारलं, "दाजी, भाजीबाजाराला इतका येळ लागतो?"

"नाही."

"त्या सायबाला नीट चालवता येती ना?"

"उतारावर बघितलंस ना तू."

यादव उठला, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला आणि पुन्हा बसला. "तिला धरायला कायच नाय त्यात. आन् वर टपबी नाय."

"हेच मी सकाळी विचारत होतो."

"दाजी, ती... ती उलटली तर...?"

निवृत्तीच्या जिवाचंही पाणी झालं होतं, पण त्याला त्याची सवय होती. त्याने यादवला तांब्याभर पाणी आणून दिलं. लांबून हॉर्न ऐकू आला की यादव ताडकन उठे, आणि निवृत्ती त्याला खाली बसवून सांगे, "ट्रक आहे तो. गाडीचा हॉर्न बारीक आहे. आणि जोरात धडक बसली असती तर इथवर ऐकू आली असती. आली का? नाही ना?" या दिलाशाने यादवला घाम फुटला. गेणू केव्हाच चहाच्या निमित्ताने नाहीसा झाला होता. उन्हं उतरली, घरोघरी दिवे लागायला आले, तरी रस्ता रिकामाच होता. कालव्यात पडताना हसणारा तो माणूस आता नखं खात बसला होता आणि दर सायकलच्या घंटीला दचकत होता.

शेवटी गाडी आली. वत्सला खाली उतरली. तिचे केस पिंजारले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती विशीतली पोर दिसत होती. पिशवीत मेथीच्या दोनच जुड्या होत्या.

"आक्का!" यादव ओरडला, आणि ओरडताना त्याचा आवाज फाटला. "कुठं व्हतीस तू? जीव टांगणीला लागला ना माझा! काय काय इचार आले डोक्यात!"

"गंगापूरच्या धरणापर्यंत गेलो होतो," वत्सला शांतपणे म्हणाली. "भाजी केव्हाच घेतली होती. मेजरसाहेब म्हणत होते परत फिरू. मीच म्हटलं, नको, अजून थोडं पुढं जाऊ. त्याला बसू दे वाट बघत." मग तिने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "एका संध्याकाळीत एवढासा झालास रे. मी चार वर्षं अशीच बसते."

यादवने मान खाली घातली. त्याने मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली, हातात फिरवली आणि पुन्हा खिशात टाकली नाही. ती त्याने आक्काच्या पिशवीत, मेथीवर ठेवली आणि विचारलं, "दिंडोरीची शेवटची यष्टी किती वाजता हाय?"

निवृत्तीला भरून आलं. काम फत्ते झालं होतं. मेहुणा वाचला होता, बायको सुखरूप होती, आणि त्याच्या मनातली ती सगळ्याचीच भीती हळूहळू ओसरत होती. आता गाडी कुठे तरी आडोशाला उभी करून वर ताडपत्री टाकायची, की झालं.

"अहो," वत्सला घरात जाता जाता म्हणाली, "मेजरसाहेब उद्यापासून रोज सकाळी गाडी शिकवायला येणार आहेत."

"कोणाला?" निवृत्तीने चाचरत विचारलं.

"मला. आणि एकदा मला यायला लागली की तुम्हाला रोज कचेरीत मीच सोडणार आहे. दोनच सीटा आहेत, दुसरं कोण बसणार?"

यादवने बाजूला होऊन पायरीवरची आपली जागा त्याला करून दिली, आणि निवृत्ती तिथे बसला.